सिगारेट सोडवणारी स्वस्त गोळी इतकी वर्षं कुठे होती?

उन्हाळ्यात आपल्याकडे बहावा फुलतो, तसेच पिवळेजर्द घोस युरोपात लॅबर्नमच्या झाडाला लागतात. झाड विषारी, बिया तर फारच. तरीही दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना तेव्हा सैनिक त्याची पानं ओढत, असं सांगतात. त्यात सायटिसिन नावाचं द्रव्य असतं. मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं तिथेच ते जाऊन बसतं. थोडी तलफ भागवतं आणि निकोटिनला जागा उरू देत नाही. मग सिगारेट ओढली तरी झुरक्याला पूर्वीची मजा येत नाही.

१९६४ साली बल्गेरियाच्या सोफार्मा कंपनीने याची 'टॅबेक्स' ही गोळी काढली. कोर्स २५ दिवसांचा. अमेरिकेने सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या निकोटिनच्या च्युइंगमला मान्यता दिली ती त्यानंतर वीस वर्षांनी, १९८४ मध्ये. पण टॅबेक्स पूर्व युरोपातच विकली जात राहिली. तिच्या जुन्या चाचण्या तिकडच्याच नियतकालिकांत पडून होत्या, आणि आजच्या कसोट्यांना त्या पुरेशा उतरतही नव्हत्या. २००६ साली जिनिव्हाचे संशोधक जाँ-फ्रान्स्वा एतेर यांनी त्या एकत्र करून तपासल्या. त्याच वर्षी अमेरिकेत सिगारेट सोडवणाऱ्या फायझरच्या व्हॅरेनिक्लिनला मान्यता मिळाली. हे औषध सायटिसिनच्याच रचनेवरून घडवलेलं, पण पेटंटचं आणि कितीतरी महाग. जुन्या, स्वस्त औषधाची नव्याने चाचणी घेण्यात कुणाचा नफा नव्हता. मला वाटतं, उशिराचं मोठं कारण हेच आहे, आणि ते फार खटकतं.

भक्कम पुरावा २०११ मध्ये आला. वॉर्सामध्ये ७४० जणांची चाचणी झाली. काहींना सायटिसिन, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले ते अनुक्रमे ८.४ आणि २.४ टक्के. शंभरात आठ म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण समुपदेशन अगदी जुजबी असताना हा साडेतीन पट फरक पडला. सोडू पाहणारे लाखोंनी आहेत, हे लक्षात घेतलं की त्याचं मोल कळतं.

२०१४ साली न्यूझीलंडमधल्या १३१० जणांच्या चाचणीत सायटिसिनची तुलना थेट निकोटिनच्या पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी), गम यांच्याशी झाली. सहा महिन्यांनी सायटिसिनवाल्यांपैकी २२ टक्के, तर इतरांपैकी १५ टक्के सिगारेटमुक्त होते. मळमळ, उलट्या आणि झोपेच्या तक्रारी मात्र सायटिसिनवाल्यांना जास्त झाल्या.

ब्रिटनमधल्या रुग्णांना हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागलं जानेवारी २०२४ मध्ये. टॅबेक्स निघाली त्याला तोवर साठ वर्षं होत आली होती.