जुना कोबा फोडायचा की त्यावरच चढवायचा? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची पार्श्वभूमी

मुंबई-ठाण्याकडच्या सोसायट्यांत एप्रिल-मे आला की गच्चीची कोटेशने टेबलावर येतात : कोबा (सिमेंटच्या मसाल्यात वीटतुकडे बसवलेला जाड थर), मेंब्रेन (वरून चिकटवायचा जलरोधक पडदा) किंवा केमिकल कोटिंग. पत्र्याची शेड मागच्या बाकावरून कुणीतरी सुचवतोच. हे पर्याय एका वेळी आलेले नाहीत. एकाचे अपयश झाकायला दुसरा आला, आणि बहुतेक ठिकाणी पहिला खाली तसाच राहिला.

चुन्याच्या काळात गच्चीवर वीटतुकडे, सुरखी (विटांची भुकटी) आणि चुना यांचा थर लाकडी थापीने दिवसेंदिवस ठोकत. धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकत. दरवर्षीची डागडुजी दोन्हींत धरलेलीच असे. सिमेंटचा स्लॅब आला आणि ती सवय गेली.

चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या शहरात सपाट स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा रुळला. सरकारी दरसूचीतले त्याचे वर्णन वाचण्यासारखे आहे : आधी स्लरी, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, त्यावर उतार धरून मसाल्यात बसवलेले वीटतुकडे, मग सांधे भरणे. वरचा थर सरासरी २० मिमी, त्यात सिमेंटच्या गोणीला १ किलो ताग, आणि ओल्यावरच दोरीने पाडलेले ३०० मिमीचे चौकोन. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला गोलाई, म्हणजे वाटा. शेवटी पाणी भरून चाचणी आणि स्टॅम्पपेपरवर १० वर्षांची हमी.

घोळ शब्दापासूनच आहे. घरातल्या सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीला कोबा म्हणतात, संडास-बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधल्या भरावालाही कोबा, आणि गच्चीवरचाही कोबाच. त्यामुळे ‘कोबा केला’ म्हणजे पाणी अडवले असे लोक धरून चालतात. गच्चीच्या कोब्याचे मुख्य काम उतार देणे आणि स्लॅबला उन्हापासून वाचवणे. पाणी अडते ते खालच्या स्लरीने आणि वरच्या पातळ थराने. तो थर तडकला की वीट पाणी पिते आणि आतल्या आत फिरवते. तडा जिन्याजवळ असतो आणि गळते दुसऱ्याच टोकाच्या बेडरूममध्ये. मग सभेत भांडण.

अशा वेळी नवा थर जुन्यावरच चढवायचा की जुना फोडायचा? चढवण्याच्या बाजूनेही मुद्दे आहेत. फोडताना स्लॅब हादरतो, सळया आधीच गंजलेल्या असतील तर जास्तच. शिवाय डेब्रिज सात मजले खाली उतरवायचे, आणि मध्येच वळवाचा पाऊस आला तर उघडा स्लॅब ताडपत्रीच्या भरवशावर.

तरी वजनाचा हिशेब करून बघा. चार इंचांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. तीन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० टनांहून जास्त. दुसरा कोबा म्हणजे तेवढेच आणखी, आणि एवढे ओझे मूळ डिझाइनमध्ये सहसा धरलेले नसते. आमच्या सोसायटीत फेब्रुवारीत छिन्नीने खड्डा घेतला तेव्हा दोन कोबे निघाले, मध्ये डांबराचा काळा पट्टा. आदल्या ऑक्टोबरनंतर पाऊस नव्हता, तरी खालची वीट बोटांत ओलीगच्च चुरली. अशा ओलाव्यावर मेंब्रेन चिकटवले की उन्हात वाफ होते आणि फुगे येतात. दोष मेंब्रेनवर जातो.

फोडायचेच तर मोठा ब्रेकर नको. हातछिन्नीने, तुकड्यातुकड्याने, डेब्रिज रोजच्या रोज खाली. हे कोटेशनमध्ये क्वचितच लिहिलेले असते.

पुढे ॲक्रिलिक आणि पॉलियुरेथेनची कोटिंगे आली. ती हलकी, म्हणून वजनाचा प्रश्न सुटला असे वाटले. पण खाली फुटका कोबा असेल तर कोटिंगही त्याच रेषेत फाटते. पंधरा वर्षांपुढच्या इमारतींना ठरावीक काळाने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, लागू झाल्यावर ‘गच्चीवरचा जादा भार काढा’ हे वाक्य अहवालांत दिसू लागले. नव्या इमारतींत २०१६ च्या रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षे बिल्डरवर टाकली. त्या मुदतीत सोसायटीने स्वतःचा ठेकेदार गच्चीवर चढवला, तर गळतीचा दोष नेमका कुणाचा यावर वाद ठरलेला.

सध्याचा नवा पेच सोलर पॅनेलचा. स्टँडसाठी ड्रिल मारले की वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार हमीतून अंग काढून घेतो, म्हणून स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करतात. ते ठोकळे बसतात पुन्हा त्याच कोब्यावर.