पाच रुपयांचं पांढरं नाणं: फोटोआधी वजन करा

आमच्या म्हापशाच्या नाण्यांच्या दुकानाला व्हॉट्सॲपवर पांढऱ्या पाचाचा फोटो येतो, चुकून वेगळ्या चकतीवर पडलेलं दुर्मिळ नाणं असेल या आशेने; खाली एकच प्रश्न: ‘किती मिळतील?’ फोटोवरून आम्ही भाव सांगत नाही. काहींना राग येतो, म्हणून कारण इथे लिहितो.

टांकसाळीत कधीतरी एका प्रकारच्या नाण्याच्या दोन-चार कोऱ्या चकत्या डब्यात अडकून राहतात आणि पुढच्या मालात मिसळतात. मग रुपयाच्या चकतीवर पाचाचा ठसा बसतो. असं नाणं फार दुर्मिळ. पण नुसता पांढरा पाच दुर्मिळ नव्हे! जुना, जाडजूड तांबे-निकेलचा पाच पांढराच होता, वजन 9 ग्रॅम. 2007 च्या सुमारास स्टीलचा आला. तोही पांढरा, 6 ग्रॅम, आणि लोहचुंबकाला चिकटणारा. देवळाच्या फंडपेटीत दोन्ही सापडतात.

₹ चिन्ह असलेला 2011 च्या मालिकेतला पाच मात्र निकेल-पितळेचा, पिवळसर, 6 ग्रॅम, 23 मिमी. तो पांढरा दिसला, चुंबकाला चिकटला आणि वजन 3.79 ग्रॅमच्या आसपास भरलं, तर लगेच आमच्याकडे या. त्याच मालिकेतल्या रुपयाचं वजन तेवढंच. ती चकती 22 मिमीहून किंचित लहान, त्यामुळे पाचाचा काठ पुरता उठत नाही. वजन 6 ग्रॅमच भरलं, तर बहुधा कुणीतरी मुलामा चढवलाय.

मुलाम्याची ही लबाडी जुनीच. 1943 चे अमेरिकन सेंट युद्धामुळे स्टीलचे होते, कांस्याच्या चकतीवर चुकून पडलेले अगदी मोजके. म्हणून स्टीलच्या सेंटवर तांबं चढवून विकतात. चुंबक लावला की पितळ उघडं पडतं.

स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही, ग्रॅममध्ये दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा हवा. ओळखीच्या सोनाराकडे मिनिटाचं काम. चिंच किंवा टूथपेस्टने घासू तर मुळीच नका. घासलेल्या अस्सल नाण्याचाही भाव पडतो.

म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला आलात की नाणं घेऊन या. वजन, माप आणि भिंगाखालची तपासणी तुमच्यासमोर, विनामूल्य. नाणं ठेवून घ्यावं लागलं तर वजन लिहिलेली पावती देतो. घरच्या पेटीत पोर्तुगीज काळातले रुपिया, एस्कुदो असतील तर तेही आणा, आम्ही रोख घेतो. नाणी ठेवायच्या पारदर्शक डब्याही दुकानात मिळतील.