अ‍ॅक्रिलिकमधली चूक वरून रंग दिला की झाकते?

‘अ‍ॅक्रिलिक आहे ना, चुकलं तर वरून रंग मारायचा’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, आणि वाळवंट रंगवताना ते लगेच कळतं.

वाळूच्या टेकडीची कडा चुकीच्या जागी आली आणि रंग जाड असेल, तर तो उंचवटा वाळून तसाच राहतो. वर कितीही थर द्या, बाजूने उजेड पडला की जुनी कडा दिसतेच. मी अशी कडा चार थरांखाली दडपली होती. आकाशाच्या मधोमध ती अजून दिसते. आधी बारीक पॉलिश पेपरने ती घासून सपाट करायला हवी होती.

दुसरं कारण रंगाचं. यलो ऑकर (मातकट पिवळा) खालचा रंग बऱ्यापैकी झाकतो, पण अनेक चमकदार पिवळे आणि नारिंगी रंग पारदर्शक असतात. जांभळ्या सावलीवर ते दिले की वाळू मळकट होते. अशा जागी आधी टिटॅनियम व्हाइटचा थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, मगच वाळूचा रंग.

आणि चूक झाकण्याची घाई करू नका. अ‍ॅक्रिलिकचा बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट भाग, ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग थोडा गडद होतो. ओल्या रंगाकडे पाहून ‘सावली फिकी पडली’ म्हणत आपण ती पुन्हा गडद करतो. खरी चूक तिथे होते. रंग ओला असेल तर ओलसर फडक्याने पुसता येतो. वाळल्यावर पाण्याने निघत नाही.