चव नसलेल्या दारूची चव : साध्या व्होडकाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात व्होडका मागवली की लिंबू, सोडा नाहीतर एखादं कोल्ड्रिंक न मागता सोबत येतं. बाटली फ्रीजरमधली, बर्फ वेगळा. नुसती व्होडका घोट घोट घेणाऱ्याकडे शेजारच्या टेबलावरचे वळून बघतात, कारण 'तिला कुठली आली चव' हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. हे गृहीतक फार जुनं नाही.

पोलंडमध्ये 1534 साली छापलेल्या स्टेफान फालिमिझ यांच्या वनौषधींच्या ग्रंथात व्होडका भेटते ती औषध म्हणून. त्या काळची भट्टी साधी, दारूत उग्र तेलं उतरायची. तो वास मारायला मध, मुळं, झाडपाला घालत. म्हणजे आधी आली ती स्वादाची व्होडका. बिनस्वादाची पुढे जमली, ती दोन शोधांमुळे. 1785 मध्ये सेंट पीटर्सबर्गला टोबियास लोविट्झ यांना कोळसा वास आणि रंग शोषून घेतो हे आढळलं. 1830 मध्ये आयर्लंडच्या एनियास कॉफी यांनी उभ्या स्तंभाच्या भट्टीचं पेटंट घेतलं आणि एका दमात जवळपास शुद्ध अल्कोहोल निघू लागलं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंदेलेयेव यांनी व्होडकातलं 40 टक्के अल्कोहोलचं प्रमाण शोधलं, ही गोष्ट मात्र दंतकथा. त्यांचा 1865 चा प्रबंध अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणावर होता खरा, पण 40 चा आकडा आला तो सरकारी करआकारणीतून.

'चव नाही' हा शिक्का अमेरिकेतला. स्मिर्नोफ या व्होडका ब्रँडचे तिथले हक्क 1939 मध्ये ह्यूब्लाइन कंपनीने घेतले आणि 'वास नाही, चव नाही' हेच विक्रीचं भांडवल केलं. 1949 मध्ये तिथल्या सरकारी नियमात तशीच व्याख्या बसली : वेगळा गुण, गंध, चव नसलेली दारू. ती अट काढायला 2020 उजाडलं. योगायोग बघा, त्याच 1949 मध्ये 1 मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. पिणाऱ्याला परवान्याची अट आजही कायद्यात आहे आणि कडक दारूसाठी वय 25 पूर्ण लागतं.

युरोपात वाद पेटला तो कच्च्या मालावरून. पोलंड आणि उत्तरेकडच्या देशांचं म्हणणं, व्होडका धान्याची किंवा बटाट्याचीच. शेवटी 2008 च्या नियमाने तोडगा काढला : दुसऱ्या कशापासून केली असेल तर लेबलावर ते लिहायचं. मला हा नियम मनापासून पटतो. आपल्याकडची बरीचशी व्होडका उसाच्या मळीच्या नाहीतर धान्याच्या स्पिरिटपासून होते. स्पिरिट 96 टक्क्यांच्या आसपासचं, त्यात पाणी घालून ते 42.8 टक्क्यांवर आणतात. बाटलीवर कच्चा माल ठळक लिहिला तर कोल्हापूरकराला ते नक्की कळेल. साखर काढल्यावर कारखान्यात उरते ती काळी, दाट मळी. गुऱ्हाळात काहिलीवरून काढतात त्या फेसालाही आपण मळीच म्हणतो, पण ती वेगळी. मार्केट यार्डात गुळाचा खडा जिभेवर टेकवून खारेपणा ओळखणारी माणसं या गावात आहेत. त्यांच्या जिभेला मळीच्या आणि धान्याच्या व्होडकातला फरक अवघड नाही.

मी पहिल्यांदा दोन ग्लास शेजारी ठेवले तेव्हा काही विशेष हाती लागेल असं वाटलं नव्हतं. एकात पोलंडची, राय या धान्याची. दुसऱ्यात आपल्याकडची मळीची. बर्फ नाही, कारण गारठ्यात वास दबतो आणि जीभ बधिर होते. प्रत्येकी अर्धा पेग, चमचाभर साधं पाणी. नाक ग्लासात खुपसायचं नाही, वरच्या कडेशी धरायचं, नाहीतर नुसता झोंबरा वास येतो. रायच्या घोटात मिरीसारखी चुणचुण आणि भाकरीच्या करपलेल्या कडेची आठवण. गव्हाची याहून मऊ असते, बटाट्याची जड, सायीसारखी. मळीच्या घोटाला आधी गोडसर अंग आणि घशाशी थोडी कडवट ओढ. जळजळ किती आहे यापेक्षा ती कुठे लागते हे बघावं : जिभेच्या टोकाला, टाळूला की छातीत.

खारवलेली काकडी मधे खाल्ली तर जीभ पुन्हा ताजी होते, पूर्व युरोपात तीच रीत. तांबडा रस्सा मात्र नंतरच ओरपावा, आधी घेतला तर पुढचं काहीच कळत नाही. ग्लास रिकामे झाल्यावर ते तसेच ठेवून दहा मिनिटांनी परत हुंगले. रायच्या ग्लासात फारसं काही उरलं नव्हतं. दुसऱ्यात अगदी पुसटसा, उकळत्या काहिलीच्या कडेला येतो तो वास होता.