आभासी रस्ताप्रवास

रस्त्यावरून टिपलेल्या चौफेर छायाचित्रांच्या आधारे, संगणकाच्या पडद्यावर एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंत सलग केलेली सफर. नकाशावर टिचकी मारून थेट काळाराम मंदिरासमोर उतरणे म्हणजे आभासी प्रवास नव्हे. मधला रस्ता न गाळता पार केला, तरच तो प्रवास.

गूगलची स्ट्रीट व्ह्यू सेवा अमेरिकेत मे २००७ मध्ये सुरू झाली. भारतात ती जुलै २०२२ मध्ये आली, तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिक होते. छायाचित्रणात टेक महिंद्रा आणि जेनेसिस इंटरनॅशनल या भारतीय कंपन्यांचा सहभाग होता.

निघण्यापूर्वी नकाशावरचा पिवळा माणूस उचलून धरावा. छायाचित्रे असलेले रस्ते निळे होतात. निळी रेघ कुठे तुटते ते आधीच टिपून ठेवावे. सुटे निळे ठिपके म्हणजे लोकांनी चढवलेली एकेकटी चित्रे, त्यांवरून पुढे सरकता येत नाही.

दोन चित्रांत साधारण १० मीटर अंतर असते. नाशिक ते मुंबई सुमारे १७० किमी, म्हणजे १७,००० टिचक्या. सेकंदाला एक पडली तर वेग ताशी ३६ किमी आणि वेळ पावणेपाच तास. चित्र उमटायला तीन सेकंद लागले की तोच प्रवास चौदा तासांवर जातो. म्हणून टप्पे पाडावेत. नाशिकमधील द्वारका चौक ते इगतपुरी, सुमारे ४५ किमी, हा पहिला टप्पा पुरेसा आहे.

सर्वांत जास्त घोटाळा उड्डाणपुलावर होतो. द्वारका परिसरात महामार्ग वरून आणि सेवारस्ता खालून जातो. दोन्हींचे अक्षांश-रेखांश जवळपास सारखेच, त्यामुळे एका टिचकीत वरून खाली यायला होते. बाजूचा कठडा जाऊन खांब दिसू लागले, की दोन-तीन पावले मागे जावे. तरीही जमले नाही तर माणूस पुलाच्या पुढच्या उतारावर पुन्हा ठेवावा. कसारा घाटात जाण्या-येण्याचे मार्ग वेगळे आहेत. दिशाफलकांच्या पाठी दिसू लागल्या, तर आपण उलट मार्गिकेवर आहोत.

इगतपुरीजवळ डोंगर एका चौकटीत हिरवेगार आणि पुढच्या चौकटीत करपलेले दिसू शकतात. हा बिघाड नव्हे, चित्रणाचा महिना बदललेला असतो. तो पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. जुन्या तारखांची चित्रे उपलब्ध असतील तिथे जरूर उघडावीत, रस्ता कसा रुंदावत गेला ते तिथेच कळते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हा त्याआधीच्या चित्रांत त्यावरून गाडी हाकता येणार नाही.

थांबताना पत्तापट्टीतला दुवा जपून ठेवावा. त्यात अक्षांश, रेखांश आणि 'एच' अक्षराआधी दिशेचे अंश असतात: ० उत्तर, ९० पूर्व. नाशिकहून मुंबईकडे तोंड असताना हा आकडा बहुतेक वेळ २२५ च्या आसपास राहतो. तो ४५ झाला, तर आपण परत नाशिककडे निघालो आहोत.