लिंटर चुकतो तेव्हा

सप्टेंबर २००६मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीत एक छोटासा बदल झाला. ओपनएसएसएल ही त्यातली, माहिती कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्ल्या तयार करणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड. ती तपासताना व्हॅलग्राइंड हे साधन एकच तक्रार पुन्हा पुन्हा करत होतं: इथे किंमत न भरलेली मेमरी वाचली जाते आहे. माग काढल्यावर दोन ओळी सापडल्या, दिसायला अगदी सारख्या. तक्रार बंद व्हावी म्हणून दोन्ही काढल्या गेल्या.

त्यातली एक ओळ गेली असती तरी काही बिघडलं नसतं. दुसरी मात्र किल्लीत यादृच्छिकपणा ओतणारी होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. तेवढ्या किल्ल्या साध्या कॉम्प्युटरवरही एकेक करून बनवून बघता येतात. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झालं, आणि मधल्या वीस महिन्यांत डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या जगभर शोधून बदलाव्या लागल्या.

व्हॅलग्राइंडचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. ती मेमरी खरंच न भरलेली होती, पण ते मुद्दाम केलेलं होतं आणि त्यात धोका काहीच नव्हता. धोका आला तो तक्रार मिटवण्याच्या घाईतून. तपासणीच्या साधनाने दिलेला खोटा इशारा किरकोळ असतो असं कोणी म्हणालं, की मला हीच घटना आठवते.

व्हॅलग्राइंड प्रोग्रॅम चालवून बघतो. चुका शोधणारं दुसऱ्या तऱ्हेचं साधन म्हणजे लिंटर; तो प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचतो. १९७८मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी असं पहिलं साधन लिहिलं आणि कपड्याला चिकटणाऱ्या कापसाच्या बारीक तंतूंवरून त्याला ‘लिंट’ नाव दिलं. पण वाचून सगळंच कळत नाही. दिलेला प्रोग्रॅम कधी थांबेल का, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६मध्ये सिद्ध केलं. पुढे हेन्री राइस यांनी १९५३मध्ये दाखवलं, की प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलच्या जवळजवळ कुठल्याही प्रश्नाची हीच गत आहे. म्हणून लिंटर कुठे खरी चूक सोडणार, तर कुठे निर्दोष ओळीवर बोट ठेवणार. यातलं काय आणि किती, एवढंच त्याच्या कर्त्यांच्या हातात असतं.

एक उदाहरण जवळून बघू. दुकानाच्या बिलाचा प्रोग्रॅम आहे. वर लिहिलंय: ग्राहक सभासद असेल तर सवलत = १०. मग वीस-एक ओळी. खाली पुन्हा: ग्राहक सभासद असेल तर सवलत छापा. माणसाला यात काही खटकत नाही. लिंटर मात्र वाटा मोजतो. पहिल्या ‘असेल तर’च्या दोन वाटा, दुसऱ्याच्या दोन, एकूण चार. त्यातल्या एका वाटेवर वरचं उत्तर ‘नाही’ आणि खालचं ‘हो’ येतं, म्हणजे सवलतीला किंमत न मिळताच ती छापली जाते. पायथन भाषेसाठीच्या पायलिंट या लिंटरमध्ये २०२४ साली नेमका असा इशारा देणारा नियम आला: ‘किंमत मिळण्याआधी कदाचित वापर’. सगळ्या वाटांचा छडा लावायचा म्हटलं तर असे वीस ‘असेल तर’ झाले की वाटा होतात १०,४८,५७६.

मग दोन्ही अटी सारख्या असल्या की गप्प बसायचं का? इथेच लिंटरच्या दुरुस्तीची खरी कसोटी लागते. मधल्या वीस ओळींत कोणी त्या ग्राहकाला सभासद करून टाकलं, तर तोच इशारा शंभर टक्के खरा. अट तीच आणि मधे तिला कोणी हात लावलेला नाही, एवढ्याच वेळी गप्प बसणं योग्य. त्याहून जरा सैल सोडलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि खोट्या इशाऱ्यांसोबत खरेही दिसेनासे होतात.

खोटा इशारा ही एक चूक; लिंटर स्वतःच मधे कोसळतो, त्या क्रॅशची तऱ्हा वेगळी. लिंटर वाचलेल्या कोडची झाडासारखी, फांद्याफांद्यांची मांडणी करतो. ‘अ + आ + इ’ या बेरजेत आधी पहिली दोन पदं एकत्र येतात, त्यांच्यावर तिसरं चढतं, म्हणजे प्रत्येक अधिक चिन्हागणिक झाड एक पायरी खोल जातं. त्यात उतरणारं फंक्शन दर पायरीला स्वतःलाच पुन्हा बोलावतं, आणि अशा एकात एक बोलावण्यांची पायथनमधली नेहमीची मर्यादा आहे १०००. ती ओलांडली की पायथनमध्ये लिहिलेला लिंटर कोसळतो. हाताने हजार पदांची बेरीज कोणी लिहीत नाही, पण यंत्राने तयार केलेल्या फायलींत ती सर्रास सापडते. मर्यादा वाढवणं सोपं वाटतं, पण मग खालचा स्टॅक, म्हणजे ही बोलावणी लक्षात ठेवणारी मेमरी, भरून पायथन स्वतःच कोसळू शकतो. उतरायच्या फांद्यांची यादी आपणच ठेवायची आणि त्यातली एकेक उचलत जायचं, हा खरा उपाय.

पण आधी मूळ सापडायला हवं. चार हजार ओळींच्या फाइलवर लिंटर कोसळला, तर अर्धी फाइल उडवा. अजून कोसळतो? उरलेल्यातली अर्धी उडवा. नाही कोसळला, तर ती परत आणून दुसरीकडून कापा. बहुतेक वेळा शेवटी पाच-सहा ओळी हातात राहतात. रस्ट भाषेच्या क्लिपी या लिंटरमध्ये क्रॅश घडवणाऱ्या अशा तुकड्यांचा एक फोल्डरच आहे. दुरुस्ती झाली तरी तुकडा तिथेच राहतो, आणि पुढच्या प्रत्येक बदलानंतर त्याच्यावर लिंटर पुन्हा चालवला जातो.

गुगलच्या इंजिनिअरांनी २०१८मध्ये आपल्या तपासणीसाधनांबद्दल लिहिताना खोट्या इशाऱ्याची व्याख्याच बदलली. इशारा वाचून प्रोग्रॅमरने काहीच केलं नाही, तर तो खोटा धरायचा, तर्काने कितीही बरोबर असला तरी. अशांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं, ही त्यांची अट. मला ही व्याख्या फार पटते, कारण ती वाचणाऱ्या माणसाची बाजू घेते.

खोट्या इशाऱ्याला कंटाळलेला प्रोग्रॅमर त्या ओळीशेजारी ‘इथे बोलू नकोस’ अशी सूचना लिहून ठेवतो. लिंटर पुढे सुधारतो, सूचना तशीच पडून राहते, आणि उद्या त्याच ओळीत खरी चूक शिरली तर ती झाकते. पायलिंटमध्ये यासाठी एक वेगळी तपासणी आहे. ती एरवी बंद असते. नवी आवृत्ती घेतल्यावर ती सुरू करून बघावी. कुठल्या ओळींवर आता गप्प बसवायची गरज उरली नाही, हे तीच सांगते, आणि त्या सूचना एकेक करून पुसता येतात.