काटा तोच, संगणक तोच, मग स्क्रिप्ट का बसली?

दिवाळी जवळ आली की हिंगणघाट, पांढरकवडा, वणी, आर्वी या भागांतल्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढते, भरलेलं वजन होतं. माल खाली करून गाडी परत येते, रिकामं वजन होतं. दोन्हींतला फरक पावतीवर छापला जातो आणि शेतकऱ्याचा हिशोब त्या पावतीवरच उभा राहतो. काट्याच्या खोलीत एक जुना संगणक असतो. काट्याच्या डिस्प्लेतून निघालेली वायर त्याला जोडलेली असते आणि आत एक लहानशी स्क्रिप्ट चालू असते. काट्याकडून आकडा घ्यायचा, वजाबाकी करायची, पावती छापायची, रात्री दिवसभराची यादी मालकाला पाठवायची, एवढंच तिचं काम. लिहिणारा पोरगा बहुतेक वेळा गावातलाच असतो आणि तो बहुतेक वेळा आता पुण्यात नोकरीला असतो.

ऑपरेटिंग सिस्टीम नवी केली की नेमकी हीच स्क्रिप्ट बसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काहीच नाही केलं जी, फक्त अपडेट मारला. काल तं चालत होतं ना!" माणूस खोटं बोलत नसतो. स्क्रिप्टमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं, बदललेलं असतं तिच्या आजूबाजूचं.

रस्ता विचारल्यावर आपल्याकडे सांगतात, "त्या मोठ्या कडुनिंबापासून डावीकडं वळा." रस्ता रुंद करताना कडुनिंब तोडला की पत्ता तोच राहतो, पण माणूस पोचत नाही. स्क्रिप्टमध्ये असे कडुनिंब पावलोपावली असतात. पायथन, म्हणजे स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहिली ती चालवणारा प्रोग्राम, अमुक फोल्डरमध्ये असेल, काट्याच्या वायरचं नाव अमुक असेल, भागाकार अमुक पद्धतीनं होईल, तारीख अमुक क्रमानं येईल. यातलं काहीच कुठं लिहून ठेवलेलं नसतं. लिहिणाऱ्याच्या मशीनवर ते खरं होतं, म्हणून चाललं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याबद्दल, म्हणजे कर्नेलबद्दल, तिचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांचा नियम कडक आहे: कर्नेलमधल्या बदलामुळं वापरणाऱ्यांचे चालू प्रोग्राम मोडता कामा नयेत. तो बऱ्यापैकी पाळलाही जातो. पण लिनक्सवर उभी असलेली उबुंटूसारखी आख्खी सिस्टीम म्हणजे नुसतं कर्नेल नव्हे. त्याच्याभोवती शेल (टाइप केलेले आदेश चालवणारा प्रोग्राम), पायथन, छपाई, नेटवर्क, भाषांच्या सोयी अशी हजारो पॅकेजं असतात. त्यांना तो नियम लागू नाही आणि मोडतोड तिथंच होते.

ओरडून मोडणाऱ्या स्क्रिप्टपासून सुरुवात करू, कारण त्या सोप्या. पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये, आणि ते मुद्दामच पायथन २ शी पूर्ण जुळणारं ठेवलेलं नव्हतं. जुन्या पायथनचा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, १ जानेवारी २०२० ला संपला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू २०.०४ मध्ये नुसत्या 'पायथन' नावाचा आदेश आपसूक मिळेनासा झाला, राहिला तो 'पायथन३'. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुना पत्ता असेल तर स्क्रीनवर येतं, 'बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. लोक स्क्रिप्टचीच फाइल हरवली समजून शोधत बसतात. फाइल समोरच असते, सापडत नसतो तो ती वाचून चालवणारा. 'पायथन-इज-पायथन३' नावाचं छोटं पॅकेज टाकलं की पत्ता सापडतो, पण तेवढ्यानं स्क्रिप्ट बरी झाली असं समजू नये. पुढं बघूच.

शेलचं प्रकरण त्याहून जुनं. उबुंटूनं २००६ च्या ६.१० आवृत्तीत 'एसएच' या नावामागचा बॅश हा शेल काढून डॅश हा दुसरा शेल बसवला. डॅश छोटा आणि चपळ, मशीन सुरू होताना शेकडो शेल स्क्रिप्ट चालतात तिथं वेळ वाचतो. पण बॅशचे लाड त्याच्याकडं नाहीत. वर 'एसएच' लिहून खाली बॅशची भाषा वापरणारे आजही भरपूर आहेत. मग 'सोर्स: नॉट फाउंड' येतं, दोनदा बरोबरचं चिन्ह दिलं तर 'अनएक्स्पेक्टेड ऑपरेटर' येतं. पावतीच्या प्रत्येक ओळीआधी उगाच '-ई' छापलेलं दिसलं तर 'इको -ई' लिहिलेली स्क्रिप्ट डॅशच्या हाती पडली आहे असं खुशाल समजावं. पहिल्या ओळीत 'बॅश' असं स्पष्ट लिहिलं की काम भागतं.

वायरचा किस्सा मात्र जरा थांबून सांगण्यासारखा आहे, कारण तिथं भलेभले वायर बदलत बसतात.

काट्याच्या डिस्प्लेला जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट असतो, आजच्या संगणकाला तो नसतो. मधे यूएसबी कन्व्हर्टर लागतो आणि स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये हमखास सीएच३४० नावाची चिप असते. उबुंटूवर वायर लावली की 'टीटीवाय-यूएसबी-०' अशा नावाचा पोर्ट तयार होतो, स्क्रिप्ट तोच उघडते. उबुंटू २२.०४ वर गेल्यावर बऱ्याच जणांचा हा पोर्ट गायब झाला. 'डीमेसेज' हा आदेश देऊन कर्नेलची नोंदवही वाचली तर गंमत दिसते: कन्व्हर्टर जोडला गेला, पोर्ट मिळाला, आणि लगेच पुढच्या ओळीत पोर्ट सुटला. मधे एक नाव असतं, 'बीआरएलटीटीवाय'. दृष्टिहीनांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा हा प्रोग्राम. यूएसबीच्या प्रत्येक उपकरणाला ओळखक्रमांक असतो. या चिपचा आहे १ए८६:७५२३, आणि एका ब्रेल यंत्रातही हीच चिप हाच क्रमांक घेऊन बसलेली आहे. प्रोग्रामला वाटलं ब्रेल डिस्प्ले आला, म्हणून त्यानं तो ताब्यात घेतला. म्हणजे काटा ठणठणीत, वायर ठणठणीत, स्क्रिप्ट ठणठणीत, आणि तरी वजन येत नाही.

जिनिंगच्या संगणकावर ब्रेल डिस्प्ले कुणी वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाकावं. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या संगणकावर आधी विचारावं, तिथं ते कुणाच्या तरी कामाचं असू शकतं. मग फक्त या क्रमांकापुरता नियम बंद करता येतो.

पोर्टच्या नावातल्या शून्यावरही भरवसा ठेवू नये. दुसरं एखादं यंत्र तसल्याच कन्व्हर्टरवर असेल तर आज जो शून्य तो उद्या एक होतो. 'डेव्ह' फोल्डरमधल्या 'सिरियल' मध्ये उपकरणाच्या ओळखीनुसार कायमची नावं तयार झालेली असतात, ती वापरावी. मेख एवढीच की या स्वस्त चिपवर बहुधा स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, त्यामुळं दोन सारखे कन्व्हर्टर असले तर ओळखीवरून फरक कळत नाही. तेव्हा कुठल्या खाचेत लावलं आहे त्यावरून नाव देणारा 'बाय-पाथ' हा फोल्डर बरा, आणि खाचेवर मार्करनं 'काटा' लिहून ठेवावं.

हे सगळं ओरडणारं. खरी भीती न ओरडणाऱ्याची. स्क्रिप्ट चालते, पावती निघते, कुणाला काही वाटत नाही, आणि आकडा चुकलेला असतो.

समजा निव्वळ वजन भरलं १२६५ किलो. जुन्या स्क्रिप्टमध्ये वजनाला १०० नं भागून क्विंटल काढले होते आणि उरलेले किलो वेगळे. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच, म्हणजे १२. उरले ६५ किलो. पावती: १२ क्विंटल ६५ किलो. पायथन ३ मध्ये तोच भागाकार १२.६५ देतो. बाकी मात्र आधीसारखीच ६५ येते. आता भाव ७००० रुपये क्विंटल धरून दोन्ही तुकड्यांचे पैसे वेगवेगळे काढून बेरीज केली, तर ८८,५५० च्या जागी ९३,१०० रुपये होतात. ६५ किलो कापूस दोनदा मोजला गेला. वजन शंभराच्या पटीच्या जितकं थोडं वर, तितकी चूक लहान, आणि बरोबर १२०० किलो भरलं तर चूकच नाही. म्हणून रिकाम्या काट्यावर एखादं पूर्ण शंभराच्या पटीतलं वजन घालून 'चेक केलं, बरोबर आहे' म्हणणारा फसतो.

याहून बारीक भानगड आहे ती अर्ध्याची. समजा वजनावर १ टक्का घट धरायची आणि ती पूर्ण किलोत करायची अशी सोय स्क्रिप्टमध्ये आहे. १२५० किलोवर घट येते १२.५. पायथन २ चं 'राउंड' तिला १३ करायचं. पायथन ३ चं 'राउंड' बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडं जातं, म्हणून १२. १३५० किलोवर घट १३.५, तिथं दोघंही १४ म्हणतात. १४५० वर पुन्हा फरक, जुनं १५, नवं १४. काही पावत्या जुळतात, काही एका किलोनं जुळत नाहीत, आणि मुनीम बिचारा आपलीच बेरीज पुन्हापुन्हा तपासतो. ही खोडी कुणी चुकून ठेवलेली नाही. अर्धे नेहमी वरच ढकलले तर मोठ्या बेरजेत आकडा हळूहळू वर सरकतो. सम संख्येकडं नेल्यानं तो कल मोडतो. हिशोबशास्त्राच्या दृष्टीनं पद्धत चांगलीच आहे, फक्त जिनिंगच्या मालकाला आणि शेतकऱ्याला ती कुणी सांगितलेली नसते.

तिसरी तऱ्हा नुसतं वाट बघत बसण्याची. बरेच काटे आकड्याआधी वजन स्थिर झाल्याची खूण म्हणून दोन अक्षरं पाठवतात. पायथन २ ला वायरवरून आलेली अक्षरं आणि स्क्रिप्टमध्ये लिहिलेली अक्षरं सारखीच वाटायची. पायथन ३ वायरवरून आलेल्या मजकुराला 'बाइट्स' मानतं आणि लिहिलेल्याला 'स्ट्रिंग'. दोन्हींची तुलना केली की उत्तर नाही असंच येतं, तक्रार काहीच नाही. डिस्प्लेवर वजन स्थिर, स्क्रिप्ट मात्र खूण यायची वाट बघत बसलेली, आणि बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतोय. वायरवरचा मजकूर आधी 'डीकोड' करून, म्हणजे स्ट्रिंगमध्ये बदलून घेतला की प्रश्न मिटतो.

अक्षरांच्या क्रमवारीनंही मोठमोठ्यांना चकवलं आहे. लिनक्समधल्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीच्या ऑगस्ट २०१८ मधल्या २.२८ आवृत्तीत शब्द लावण्याचा क्रम बदलला, आणि त्या क्रमावर बांधलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या अनुक्रमणिका सिस्टीम बदलल्यावर चुकू लागल्या. नोंद आत असते, शोधल्यावर सापडत नाही. असा डेटाबेस असेल तर अनुक्रमणिका नव्यानं बांधून घ्यायच्या.

विंडोजवाल्यांनी हसू नये. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. रोजच्या बॅकअपच्या फाइलला तारखेचं नाव देण्यासाठी बॅच फाइलीत, म्हणजे विंडोजच्या आदेशांच्या स्क्रिप्टमध्ये, 'डब्ल्यूएमआयसी' हा आदेश वापरायची जुनी युक्ती आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर तो आपसूक चालू नसतो. ज्यांनी तारखेच्या मजकुराचे तुकडे पाडून नाव बनवलं, त्यांचं नशीब मशीनवर कुठला देश निवडला आहे त्यावर. अमेरिकाच निवडलेली राहिली की महिना आधी येतो, मधे तिरक्या रेघा येतात, आणि फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. अशी तारीख पॉवरशेल या विंडोजच्याच नव्या शेलकडून मागावी.

बिघाड शोधायला बसल्यावर स्क्रिप्टला हात लावायच्या आधी ती हातानं चालवून बघावी, त्याच वापरकर्त्याच्या नावानं. हातानं चालते आणि रात्री आपोआप चालत नाही, तर दोष क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, वातावरणात असतो. तिथं आदेश शोधायचे फोल्डर मोजकेच असतात, म्हणून पूर्ण पत्ते द्यावेत. नवी सिस्टीम कोरी टाकून फक्त आपला होम फोल्डर परत ठेवला असेल तर क्रॉनची यादीच आलेली नसते, ती दुसरीकडं राहते. शेल स्क्रिप्टच्या चुका वाचताना पहिली ओळ बघावी, खालच्या बहुतेक तिच्याच लेकी असतात. पायथनमध्ये उलट, शेवटची ओळ आधी. मग काम अर्ध्यात तोडावं. वायरवरून आकडा येतो का, एवढंच आधी बघायचं. येत असेल तर वायर, पोर्ट, ब्रेल सगळं सुटलं, पुढं फक्त हिशोब आणि छपाई.

उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्या १८.०४ वरून २०.०४, मग २२.०४, मग २४.०४ अशा पायरीपायरीनंच चढता येतात. तीनही पायऱ्या एका दुपारी चढून मग कुठं मोडलं ते शोधणं म्हणजे हौस आहे. प्रत्येक पायरीवर थांबून स्क्रिप्ट चालवावी.

तपासायला मात्र नवी वजनं करत बसू नये. गेल्या हंगामातली भरलेली आणि रिकामी वजनं फाइलीत पडलेली असतातच. ती सगळी नव्या स्क्रिप्टमधून काढावीत आणि आलेल्या पावत्या जुन्या पावत्यांशी 'डिफ' या आदेशानं ताडाव्यात. १२६५ चे दुहेरी किलो आणि १२५० ची अर्धी घट तिथं लगेच पकडली जाते. हे काम दसऱ्याआधी व्हायला हवं, आणि जुनी डिस्क फरदड (हंगामाच्या शेवटी घेतलेला उशिराचा कापूस) संपेपर्यंत पुसू नये. ती कपाटात ठेवावी आणि वर तारीख, सिस्टीमचं नाव आणि क्रॉनची छापील यादी चिकटवावी.